तेल लावलेली फळी

भिवंडीच्या बंदरावरच्या बारा जुन्या इमारती मी पाडल्या आहेत. हे मी अभिमानाने सांगत नाही आणि लाजूनही सांगत नाही. कुणी विचारलं तर सांगतो. पाडलं मी आणि त्याच जागेवर स्लॅबही मीच टाकला, कारण माझा धंदा सेंटरिंगचा. काँक्रीट ओतायच्या आधी खाली लाकडाचा जो साचा उभा करतात, तो आमचा. बिल्डरचं नाव पाटीवर लागतं, आर्किटेक्टचं नकाशावर लागतं. आमचा साचा एकवीस दिवसांनी खोलून दुसऱ्या साइटवर जातो. माझं नाव केसरीनाथ, राहणार काल्हेर.

मुंबईहून एकदा गळ्यात कॅमेरे अडकवलेली काही मंडळी बंदरावर आली होती. त्यातल्या एका बाईंनी मला विचारलं, "पाडताना तुम्हाला काही वाटत नाही का?" मी खरं तेच सांगितलं, "धूळ फार होते." चुन्याच्या जुन्या भिंतीवर घण घातला की पांढरी पूड उडते, ती दोन दिवस नाकातून जात नाही. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मग त्यांनी सज्जाचे फोटो काढले, मला चहा पाजला आणि गेल्या. पुढच्या आठवड्यात मी तो सज्जा उतरवला.

बंदर म्हणायचं ते आता सवयीने. खाडी गाळाने भरलीय, ओहोटीला तिच्या मधोमध म्हशी उभ्या असतात. एके काळी या धक्क्याला कालिकतचं लाकूड आणि मंगळुरी कौलं उतरायची, इथलं मीठ आणि तांदूळ बाहेर जायचा. त्या मालासाठी वखारी होत्या. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर सागाची माडी, माडीला खाडीकडे तोंड करून कोरीव सज्जा. पुढे गलबतं बंद झाली आणि वखारींत लूम बसले. सागाच्या माड्या यंत्रांचा हादरा किती वर्षं सोसणार? मग लूमवाल्यांना काँक्रीट हवं झालं, त्यांच्या पोरांना काँक्रीटवर फ्लॅट हवे झाले. यात कुणाचं चुकलं असं मला कधी वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला कशाबद्दलच फारसं काही वाटत नव्हतं. सकाळी उठायचं, धामणकर नाक्यावरून मजूर उचलायचे, एक साइट खोलायची, दुसरी बांधायची.

नूर मोहम्मदशेठची वखार मी पाडायला घेतली ती दोन हजार तीनच्या होळीनंतर. शेठ पंचाहत्तरीचे, कोकणी मुसलमान, तीन पिढ्यांचे व्यापारी. सही करताना त्यांचा हात थांबेल असं मला वाटलं होतं, पण तो थांबला नाही. म्हणाले, "केसरी, माझ्या गुडघ्यांना इतिहास कळत नाय. मला लिफ्ट पायजे." त्यांचा मुलगा तनवीर, त्याला खाली चार गाळे आणि वर चार मजले हवे होते. दिवाळीच्या आत खालचे गाळे भाड्याने द्यायचे, असं त्याने आधीच कुणाला तरी कबूल करून ठेवलं होतं.

आता ही वखार म्हणजे माझी बारावी. पण ही बाकीच्या अकरांसारखी नव्हती, कारण हिच्या माडीवर माझ्या बापाची खूण होती.

ती रीत सांगायला हवी. नूरशेठच्या वडिलांची तेव्हा गलबतं होती आणि खलाशी सगळे खाडीकाठचे, काही आगरी, काही कोकणी मुसलमान. लिहिता कुणालाच येत नव्हतं. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी गलबत लांबच्या सफरीला निघायचं. निघायच्या आधी सगळे खलाशी वखारीच्या माडीवर चढायचे आणि जमिनीच्या फळीत प्रत्येक जण आपापली खूण कोरायचा. कुणाची वल्हं, कुणाची चांद, कुणाची नुसत्या तीन रेघा. वैशाखात गलबत परत आलं की तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या, डामराचं भांडं घेऊन माडीवर जायचा आणि एकेक खूण भरायचा. माणूस घरी आला, खूण भरली. खूण मोकळी असेल तर माणूस अजून वाटेवर आहे. माडीच्या साऱ्या फळ्या अशा काळ्या भरलेल्या खुणांनी गच्च होत्या. फक्त सज्जाजवळच्या एका फळीवरच्या नऊ खुणा मोकळ्या होत्या.

'सलामत' नावाचं गलबत पासष्ट साली कौलं आणायला गेलं आणि आलं नाही. नऊ माणसं गेली, त्यांत तांडेलही गेला, त्यामुळे भरणारंही कुणी उरलं नाही. नवातली एक खूण चिंबोरीची, म्हणजे खाडीतल्या खेकड्याची, एक नांगी मोठी आणि एक लहान. ती माझ्या बापाची, महादूची. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. बापाचा चेहरा मला आठवत नाही आणि फोटो काढायची आमच्यात तेव्हा ऐपत नव्हती. मला बापाचं जे काही माहीत आहे ते म्हणजे ती चिंबोरी.

बाकीच्या आठ घरांनी काही वर्षं वाट पाहून आपापल्या रीतीने माणसं पोचवली. कुणी गवताचा पुतळा जाळला, कुणी मशिदीत नमाज पढवून घेतली. आमच्या घरात काही झालं नाही. आक्का, म्हणजे माझी आई (सगळं गाव तिला आक्का म्हणतं म्हणून मीही आक्काच म्हणतो), तिने कुंकू पुसलं नाही आणि हातातला हिरवा चुडा उतरवला नाही. पितृपक्षात गावातल्या प्रत्येक घरी बापजाद्यांचं पान वाढतात. आमच्याकडे आजोबांचं वाढलं जायचं, बापाचं नाही. लोक आधी समजावत, मग हसत, मग त्यांनी नाद सोडला. दर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आक्का काल्हेरहून बंदरावर जायची, माडी चढायची, लुगड्याच्या पदराने त्या नऊ खुणांतली धूळ काढायची आणि परत यायची. नवाच्या नऊ साफ करायची, आपली एकच नाही. रडायची नाही, कुणाशी बोलायची नाही. नूरशेठ तिच्यासाठी एक स्टूल काढून ठेवायचे. माडीवर सुताची पोती आली, तेलाचे डबे आले, तरी सज्जाजवळची तेवढी जागा शेठनी मोकळी ठेवली होती. अडतीस वर्षं हे असं चाललं.

वखार पाडायचं काम माझ्याकडे आलंय हे मी आक्काला जेवताना सांगितलं. ती माशाचा काटा काढत होती. तो काढून झाल्यावर म्हणाली, "ती फली मना आनून दे."

"कुठली?"

"खुनांची. माझे खोलीत ठेवीन."

"आणतो की. त्यात काय."

आक्काने माझ्याकडे आयुष्यात काही मागितलं नव्हतं. घर बांधलं तेव्हा कुठली खोली हवी तेही मीच ठरवलं. हे एवढंच मागितलं, आणि मी ते मीठ दे म्हटल्यावर द्यावं तसं हो म्हणून टाकलं.

माडी उतरवायला पाच दिवस लागले. तुळया आणि खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने उचलले. जमिनीच्या फळ्या त्याला नको होत्या, लूमच्या तेलाने त्या काळ्या झाल्या होत्या आणि वर या खुणांचे खड्डे. त्या मी ठेवून घेतल्या. सेंटरिंगला तसं लाकूड सोन्यासारखं, कारण तेल प्यालेल्या फळीला सिमेंट चिकटत नाही. नाहीतरी स्लॅबच्या आधी आम्ही फळ्यांना गाडीचं जळकं तेल फासतोच. त्यामुळे नूरशेठच्या वखारीची जमीन नूरशेठच्याच नव्या इमारतीच्या साच्याला लागणार होती. तनवीरला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "बढिया है," आणि मोबाईलवर बोलायला लागला.

खुणांची फळी मी स्वतःच्या हाताने काढली. दहा फूट लांब, हातभर रुंद. एक खिळा न वाकवता काढली आणि साइटवरच्या सिमेंटच्या खोलीत भिंतीला उभी करून ठेवली. घरी न्यायला टेम्पो लागणार होता. आज नेऊ, उद्या नेऊ करता करता पाया झाला, कॉलम उभे राहिले, पावसाळा आला आणि गेला. आक्का अधूनमधून विचारायची, "फली?" मी म्हणायचो, "साइटवर हाय. जाते कुठं?"

गणपती उठले आणि पितृपक्ष लागला. पितृपक्षात हिंदू बिल्डर स्लॅब टाकत नाहीत, त्यामुळे मजूर, मिक्सर सगळं मोकळं मिळतं. नूरशेठचा पहिला स्लॅब आम्ही त्याच पंधरवड्यात धरला. दसरा जवळ येत होता, तेव्हा माझ्या डोक्यात आलं की या वर्षी आक्काला बंदरावर यायची गरजच ठेवायची नाही, आधीच फळी तिच्या खोलीत नेऊन ठेवू. एका दुपारी मी ती बाहेर काढली. सहा महिन्यांत तिच्यावर सिमेंटची पूड बसली होती. चिंधी घेतली, तेलात बुडवली आणि एकेक खूण पुसून काढली. चिंबोरीच्या नांगीत पूड घट्ट बसली होती, ती खिळ्याने कोरून काढली. मग सगळ्या फळीला नीट तेलाचा हात दिला. फळी छान काळी चमकायला लागली. तेवढ्यात काल्हेरच्या गोडाऊनच्या साइटवरून फोन आला, तिकडे साच्याखालच्या टेकूच्या बल्ल्या खचल्या होत्या. फळी ओली होती, म्हणून भिंतीशी न ठेवता बाहेर दोन विटांवर आडवी सुकायला ठेवली आणि गेलो. तिकडे तीन दिवस अडकलो.

माझा सेंटरिंगचा सुतार नवशा. अंबाडीच्या पलीकडचा, पन्नाशीचा माणूस, माझ्याकडे अठरा वर्षं. त्याच्या कामात कधी चूक काढता आली नाही आणि याही वेळी काढता येणार नाही. आमच्या कामात फळीला तेल लावून ती बाजूला विटांवर आडवी ठेवली, याचा अर्थ एकच होतो. ती तयार आहे, आधी ती लाव. हे मीच त्याला अठरा वर्षांपूर्वी शिकवलं होतं. पुढच्या गाळ्यावर एक फळी कमी पडत होती. त्याने ती घेतली, मापाला बरोबर बसली. खालची बाजू तासलेली नव्हती म्हणून खुणांची बाजू वर केली, कारण काँक्रीटला सपाट बाजू लागते. खड्ड्यांचं त्याने मनावर घेतलं नाही. छताला पुढे प्लास्टर होणारच होतं.

स्लॅबच्या दिवशी मी पोचलो तेव्हा दहा वाजत आले होते. नारळ फुटला होता, नूरशेठ खाली खुर्चीत बसून पेढे वाटत होते. मिक्सर धडधडत होता, बाया घमेली वर देत होत्या, मागच्या कोपऱ्यातून काँक्रीट पुढे सरकत होतं. आवाज इतका की माणूस माणसाचं ऐकत नाही. अशा वेळी एक खूण ठरलेली असते. मी हात वर केला की मिक्सर थांबतो. दुसऱ्या कुणाच्या हाताला थांबत नाही.

मी सळ्यांवर पाय देत पुढे चालत आलो, नेहमीसारखं खाली बघत. सळ्यांच्या चौकटीतून मला चिंबोरी दिसली.

काँक्रीट तिच्यापासून आठेक फूट मागे होतं. मी उभा राहिलो. फळी काढायची तर सळ्या कापाव्या लागणार, काम थांबणार. स्लॅब एकदा सुरू झाला की थांबवायचा नसतो, मध्ये सांधा पडतो आणि तो सांधा जन्मभर गळतो. हे सगळं माझ्या डोक्यात आलं हे खरं. पण त्यामुळे मी थांबलो असं म्हटलं तर ते खोटं होईल. दोन तास थांबलो असतो तरी चाललं असतं, सांधा नीट घेता येतो, मी घेतलाय. मी हात वर केला नाही, एवढंच. हात खाली होता आणि तो खालीच राहिला. बाया आल्या, घमेली पालथी झाली, व्हायब्रेटरवाल्याने नळी खुपसली, राखाडी माल थरथरत सळ्यांखाली गेला. आधी तीन रेघा गेल्या, मग चांद, मग वल्हं. चिंबोरी शेवटून दुसरी होती.

मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. मी नवशाला बोललो नाही. कडेच्या बल्ल्या तपासल्या, खाली उतरलो, नूरशेठनी दिलेला पेढा खाल्ला.

घरी आक्काने विचारलं, "फली?"

"सुकतेय," मी म्हणालो.

एकवीस दिवस मी तेच सांगत होतो. दर वेळी ती मान हलवायची आणि कामाला लागायची. मला वाटायचं, हिने एकदा तरी चिडावं. मी मनाशी ठरवलं होतं की साचा खोलला की फळी आपोआप सुटेल, धुऊन घरी नेऊ, कुणाला कळणारही नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी साचा खोलला. ती फळी मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिली नाही. नवशाला बाजूला केलं आणि स्वतः पहार लावली. बाकीच्या तेलकट फळ्या टपाटप सुटल्या होत्या. ही सुटेना. नऊ खुणांत सिमेंट जाऊन बसलं होतं आणि त्यांनी फळी धरून ठेवली होती. हळूहळू केलं, पाचर मारली, पाणी मारलं. शेवटी जोर दिला तेव्हा ती कडकन फुटली. तीन तुकडे खाली पडले आणि प्रत्येक तुकडा खुणांच्या रेघेवरच चिरला होता. मी वर बघितलं. छतावर नवाच्या नऊ खुणा उठून आल्या होत्या, करंगळीच्या जाडीएवढ्या उंच, कडा साफ. माझ्या धंद्यात इतकी स्वच्छ कड मी पाहिली नव्हती. नवशासुद्धा म्हणाला, "झकास उठलंय शेट." मग म्हणाला, "प्लास्टरला जरा जाड धरावा लागंल."

तुकडे मी जळणात टाकले नाहीत. सिमेंटच्या खोलीत ठेवले आणि आक्काला काय सांगायचं याचा विचार करत घरी गेलो. विचार करून झाला नाही. दसरा झाला, सोनं वाटलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साइटवर होतो तेव्हा ती आली. दर वर्षीसारखी शेअर रिक्षाने धामणकर नाक्याला उतरून पुढे चालत. मी फळी घरी आणली नाही म्हटल्यावर तिच्या दृष्टीने फळी अजून बंदरावरच होती, मग ती बंदरावर येणारच. एवढं साधं मला सुचलं नव्हतं. नूरशेठ गाळ्यासमोर खुर्ची टाकून बसले होते. आक्काला बघून ते उठले आणि तेच जुनं स्टूल शोधून घेऊन आले. म्हणाले, "ये आक्का, बस." आणि मग माझ्याकडे बघायला लागले, आता पुढे काय ते तू सांग म्हणून.

"आक्का, फळी फुटली," मी म्हणालो.

"कशी?"

मी सांगितलं. तेल लावून ठेवली ते सांगितलं, नवशाने लावली ते सांगितलं. हात वर केला नाही तेही सांगितलं. ते का सांगितलं मला माहीत नाही, ते कुणालाच ठाऊक नव्हतं आणि कधी झालंही नसतं. शेवटी म्हणालो, "खुणा हायेत. वर हायेत."

तिने वर बघितलं. तिची मान दुखते, फार वेळ वर बघता येत नाही. तिने स्टूल बाजूला सरकवलं, सिमेंटची रिकामी गोणी जमिनीवर पसरली आणि तिच्यावर उताणी पडली. बासष्ट वर्षांची बाई, भर सकाळी, मजुरांच्या देखत. मजूर काम सोडून बघायला लागले. नूरशेठनी त्यांना हातानेच लांब केलं आणि स्वतःही तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसले.

आक्का बराच वेळ छताकडे बघत होती. मी तिच्या बाजूला उकिडवा बसलो.

"उलटी हाय," ती म्हणाली. "मोठी नांगी हीकडं व्हती."

"साच्यात उलटंच येतं."

"भरली."

"हां."

"समदी?"

"नवाच्या नऊ."

"तुना भरली."

ती विचारत नव्हती. पण मी हां म्हणालो.

 वर कुठेतरी पाण्याचा पाइप चालू होता, स्लॅबवर पाणी मारत होते. मग ती अगदी साध्या आवाजात बोलली, भाजीला मीठ कमी झालंय असं सांगावं तशी. "खून मोकली व्हती तवर तो वाटंवर व्हता. आता भरली. म्हंजे वाटंवर न्हाय." थोडं थांबून म्हणाली, "आनि घरी बी न्हाय आला."

 अडतीस वर्षांत कुणी भटजी, कुणी भावबंद, कुणी शहाणा तिच्याकडून एवढं कबूल करून घेऊ शकला नव्हता. ते मी माझ्या हाताने करून दिलं होतं, आणि हात न हलवता.

"आज तिथ कंची?" तिने विचारलं.

"एकादशी."

"मंग आजपासून धर."

मी तिला हात देऊन उठवलं. तिने पाठीची धूळ झटकली, स्टूल उचलून नूरशेठजवळ नेऊन ठेवलं. शेठ म्हणाले, "आक्का, तुझ्यासाठी ती जागा मी ठेवली होती गं. आता जागाच नाय राहिली." आक्का म्हणाली, "तुमी लय ठेवली शेट." तेवढंच. मग आम्ही दोघं रिक्षाने घरी आलो. घरी आल्यावर तिने मोरीवर तोंड धुतलं, कपाळ धुतलं आणि हिरव्या बांगड्या एकेक करून उतरवून डब्यात ठेवल्या. फोडल्या नाहीत. मृणालीला, माझ्या मुलीला, म्हणाली, "तुला व्हतील." मग भात टाकला.

आम्ही सुतक धरलं. गावातल्या लोकांना आधी कळेना, मग कळल्यावर काय बोलावं कळेना. अडतीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या घरी भेटायला जातात तेव्हा काय म्हणायचं असतं? जुने दोघं-तिघं आले, गप्प बसले, चहा न घेता गेले. एक म्हातारा मात्र बापाच्या बरोबरीचा होता, तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चिंबोऱ्या पकडाव्या तर महादूनी." बापाबद्दल एवढी बातमी मला चाळीस वर्षांत पहिल्यांदा मिळाली. तिचं काय करायचं ते मला कळलं नाही.

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवले आणि मी मुंडण केलं. फळीचे तीन तुकडे बरोबर नेले होते. भटजी म्हणाले, पुतळ्याऐवजी हे चालतील. ते पेटायला त्रास पडला नाही, तेल भरपूर होतं. कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, बघ, मोकळा झाला. मी तिथे उभा राहून वाट बघत होतो, की आता छातीत काही तरी होईल, घशात काही तरी येईल. डोक्यावर ऊन लागत होतं, एवढंच कळत होतं.

दहाव्यानंतर तिसऱ्या दिवशी साइटवर गेलो. तनवीरची घाई चालली होती, दिवाळी आठवड्यावर आली होती आणि पुढच्या गाळ्याचा भाडेकरू फर्निचरवाल्याला घेऊन येणार होता. नवशाने पुढच्या गाळ्यात परांची बांधून ठेवली होती आणि प्लास्टरवाला वर चढून माझ्यासाठी थांबला होता. त्याला खुणा छिन्नीने उडवायच्या की वरून जाड माल मारायचा, ते विचारायचं होतं.

"उडवू नको," मी म्हणालो. "वरून मार."

त्याने थापी भरली आणि माल मारायला सुरुवात केली. मी खाली उभा राहून बघत होतो. परत तीन रेघा, मग चांद, मग वल्हं. अंगावर थेंब उडत होते, पण मी बाजूला झालो नाही. चिंबोरीवर त्याने दोनदा मारलं, कारण मोठी नांगी पहिल्या हाताने झाकली नाही. मग त्याने रंधा फिरवला आणि छत सपाट झालं.

नवशा माझ्या बाजूला येऊन उभा राहिला होता. माझ्या डोक्याकडे बघत होता. दहा-बारा दिवस मी का आलो नाही ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"शेट, कोन गेला?"

"बाप."

"कवा?"

"पितृपक्षात," मी म्हणालो. "हा स्लॅब टाकला त्या दिवशी. दहा वाजता."

नवशाने आठवून बघितलं. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"तवा तर तुमी हितंच व्हता, शेट."

"हां," मी म्हणालो. "हितंच होतो."